देवगिरी पहिल्यांदा बघताना : पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत

देवगिरीला येणारे बरेच जण चांद मिनारापाशी फोटो काढतात, भारतमातेला नमस्कार करतात, फार तर मेंढा तोफेपर्यंत जातात आणि "बघितला किल्ला" म्हणून परततात. खरा किल्ला तिथून पुढे सुरू होतो. खंदक, अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातला काळोखी जिना, आणि त्यावरचा कातळ हाच देवगिरीचा जीव, आणि तिथे पोहोचेपर्यंत बहुतेकांचं पाणी, वेळ नाहीतर गुडघे संपलेले असतात. हे टाळायचं तर किल्ल्याची रचना आधी समजून घ्यायला हवी आणि दम कुठे खर्च करायचा ते ठरवून निघायला हवं.

आधी नावाचा घोळ मिटवू. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली, तेव्हा ती देवगिरी. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद. मराठी माणूस देवगिरी म्हणतो. एसटीच्या पाटीवर, रेल्वे स्थानकावर आणि नकाशांवर दौलताबाद सापडेल. शोधताना दौलताबाद हेच नाव लिहा, म्हणजे चुकायला नको.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सरळ हिशेब. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगर अजून हिरवा असतो आणि पायथ्याशी सीताफळांचा हंगाम असतो. मार्चनंतर ऊन वाढत जातं. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि या किल्ल्याचा काळा दगड तापला की वरून ऊन आणि खालून वाफ अशी दुहेरी शिक्षा होते. उन्हाळ्यातच यावं लागलं तर दार उघडताच आत शिरा आणि अकराच्या आत खाली उतरा. पावसाळ्यात दृश्य सुंदर असतं, पण शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. घसरणारे चढताना नाही, उतरताना घसरतात.

वार बघायला विसरू नका. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. देवगिरी मात्र आठवडाभर उघडा असतो. म्हणून संभाजीनगरात तीन दिवस काढणार असाल तर मंगळवार किल्ल्यासाठी राखून ठेवा. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी उसळते. हे सगळं एकाच रस्त्यावर असल्यामुळे किल्ल्याजवळची वाहतूक त्या दिवशी तुंबते.

एका दिवसात देवगिरी, खुलताबाद, वेरूळ आणि परतीला बीबी का मकबरा असा बेत टॅक्सीवाले हमखास सुचवतात. त्या बेतात किल्ल्याच्या वाट्याला तास-दीड तास येतो, म्हणजे बालेकिल्ला सुटलाच. किल्ल्याला निदान साडेतीन-चार तास द्या. फारच घाई असेल तर सकाळी देवगिरी आणि दुपारी वेरूळचं फक्त कैलास लेणं, एवढं जमतं. उलट क्रमाने जाऊ नका. वेरूळ पायाखाली घालून आलेल्या माणसाला दुपारी तीन वाजता हा चढ नको होतो.

कसं पोहोचायचं

किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 15 किलोमीटरवर, वेरूळ-कन्नडच्या रस्त्याला लागून आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळ, खुलताबाद किंवा कन्नडकडे जाणारी बस धरा. चढतानाच कंडक्टरला "दौलताबाद किल्ला" असं सांगून ठेवा, कारण प्रवेशद्वार रस्त्यालगतच आहे आणि बोलण्याच्या नादात थांबा मागे पडू शकतो. शेअर जीप आणि रिक्षाही मिळतात. रिक्षा अख्खी करणार असाल तर थांबण्याचे तास आधी बोलून घ्या. "किल्ला बघून येतो" म्हणजे चालकाच्या हिशेबात एक तास असतो, तुमच्या हिशेबात चार. भांडण तिथेच होतं. दौलताबाद नावाचं रेल्वे स्थानक आहे, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये. ते किल्ल्यापासून लांब आहे आणि तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. तिकीट दाखवून महाकोटाच्या, म्हणजे मधल्या तटाच्या, आत गेल्यावर विकत पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. वर खडकात खोदलेली टाकी दिसतील, त्यांचं पाणी पिण्याजोगं नाही. खायला चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे असं खिशात मावणारं घ्या. हातात पिशवी घेऊन फिरलात तर वानरं ती ओळखतात. मागे लागली तर पिशवी ओढून धरू नका, सोडून द्या.

बूट रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले हवेत. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट दोन ठिकाणी दगा देतात : अंधारीतल्या ओलसर पायऱ्यांवर आणि उतरताना. एक चांगली बॅटरी घ्या. मोबाइलचा उजेड चालतो, पण तो हात अडकवतो, आणि अंधारीत दोन्ही हात मोकळे असलेले बरे. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर उत्तम. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी काठी घ्यावी. ती चढायला नाही, उतरायला लागते.

अत्तर आणि उग्र वासाचे फवारे त्या दिवसापुरते घरीच ठेवा. जुन्या बुरुजांवर, कमानींखाली आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास किंवा धूर त्यांना चेतवायला पुरतो.

स्वच्छतागृह प्रवेशद्वाराजवळच उरकून घ्या. पुढचे तीन तास सोय नाही असं समजूनच निघा.

तिकीट

स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. भारतीय नागरिकाला 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20. परदेशी पाहुण्याला 300 रुपये, ऑनलाइन 250. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर मधूनमधून बदलतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. खिडकीशेजारच्या फलकावरचा कोड मोबाइलने टिपून तिकीट काढता येतं, मात्र सुट्टीच्या दिवशी तिथे नेटवर्क रेंगाळतं, म्हणून आदल्या रात्रीच काढून ठेवलेलं बरं. तिवई लावून छायाचित्रण किंवा ड्रोन यांना आधी परवानगी लागते. तिकीट शेवटपर्यंत जपा.

गाईड घ्यावा का? पूर्ण किल्ल्यासाठी घ्या, नाहीतर घेऊच नका. गाईडशी आधीच ठरवा की तो बालेकिल्ल्यापर्यंत येणार की अंधारीच्या तोंडापर्यंत. पैशांएवढाच हा प्रश्न महत्त्वाचा. गाईड सांगतात त्यातला बांधकामाचा भाग बहुधा पक्का असतो. खंदकातल्या मगरी, एकमेकांनाच कापून काढणारे शत्रू या गोष्टी ऐकायला मजेदार आहेत. त्या गोष्टी म्हणूनच ऐका.

पहिला टप्पा : कोट आणि दरवाजे

देवगिरीला तीन तटबंद्या. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि डोंगराला बिलगलेला काळाकोट. अंबरकोट इतका पसरलेला आहे की आपण गाडीने त्याच्या आत कधी शिरलो हे कळतही नाही. आजचं दौलताबाद गाव त्याच्याच पोटात आहे. तिकीट दाखवून आपण शिरतो तो महाकोट.

इथे पाच मिनिटं उभे राहा. दरवाज्यांची माळ आहे, पण एकही दरवाजा दुसऱ्याच्या समोर नाही. आत शिरलं की वळण, मग चौक, मग पुन्हा वळण. त्या काळी दार फोडायला हत्ती वापरत. हत्तीला धडक मारायची तर धावायला सरळ वाट हवी, आणि ती इथे मुद्दाम दिलेली नाही. शिवाय दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. वळणावर अडकलेल्या सैन्यावर चारही बाजूंच्या तटावरून मारा व्हायचा. चौकाच्या मधोमध उभं राहून वर एक गिरकी घेतली की आपण कुठे सापडलो असतो ते उमगतं. बाजूच्या देवड्यांमध्ये, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्यांमध्ये, आता किल्ल्यावर मिळालेल्या तोफा मांडून ठेवल्या आहेत. लहान मुलांना इथून हलवणं अवघड जातं. वीस मिनिटांची मर्यादा घाला.

भिंतींचे दगडही निरखा. मधूनच एखादा कोरीव दगड, वेलबुट्टी, एखादी मूर्ती तटात आडवीतिडवी बसवलेली दिसते. ते आधीच्या देवळांचे दगड. यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल अशा सगळ्यांनी आपापली भर घातली आहे, त्यामुळे "हा किल्ला कुणी बांधला" याचं एका नावाचं उत्तर नाही.

दुसरा टप्पा : सपाटीवरचं शहर

महाकोटाच्या आत सरळ, सोपी वाट आहे आणि दोन्ही अंगांना जुन्या शहराचे अवशेष आहेत. वेळ उधळला जातो तो इथेच. सगळं मिळून पाऊण तास पुरे.

हत्ती हौद आधी बघा. साधारण 38 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेसहा मीटर खोल असा हा बांधीव तलाव आहे. नावावरून हत्ती पाणी प्यायचे असा समज होतो. हत्तीएवढा मोठा म्हणून हत्ती हौद असंही सांगतात. मुद्दा असा की डोंगरावर सैन्य कितीही असो, शहराला पाणी लागतं, आणि ते इथे साठवलं जायचं. जवळच सरस्वती बावडी आहे. यादवांची राजधानी टिकली ती या पाण्यावर. काठावर कठडा आहे असं धरून चालू नका, मुलांचा हात सोडू नका.

पुढे भारतमाता मंदिर. खांबांचं मोठं दालन आणि समोर प्रशस्त अंगण. खांब जुन्या मंदिरांचे आहेत. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने 1318 मध्ये त्यांचीच मशीद उभारली, आणि 1948 नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एकाच छपराखाली तीन काळ दिसतात. खांबांवरचं कोरीवकाम प्रत्येकाचं वेगळं आहे. दोन-चार खांब तरी जवळून बघा. पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि दुपारी अंगणाची फरशी भाजते, म्हणून मोजे असू द्या.

चांद मिनार चुकणं शक्य नाही. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याच्या काळात, पंधराव्या शतकात, विजयाची खूण म्हणून तो उभारला. चार मजली, बाहेरून सज्जे, एके काळी रंगीत लकाकत्या फरशांनी मढवलेला. आतला जिना पर्यटकांना बंद असतो, त्यामुळे पायथ्याशी दहा मिनिटांहून जास्त काम नाही. त्याचा सुरेख फोटो खालून येत नाही, वर बारादरीवरून येतो.

तिसरा टप्पा : काळाकोट, चिनी महाल, मेंढा तोफ

इथून पायऱ्या सुरू होतात. काळाकोटाचा दरवाजा ओलांडला की निजामशाही महालाचे पडके भाग दिसतात. छपरं गेली आहेत, भिंतीतले कोनाडे आणि चुन्याच्या गिलाव्याची नक्षी मात्र टिकून आहे. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांची मुलं यांना 1629 मध्ये निजामशहाने याच किल्ल्यावर दरबारात बोलावून दग्याने मारलं. मराठ्यांच्या इतिहासाची वाट त्या दिवशी वळली, तरी तिथे थांबणारे फार थोडे.

चिनी महाल शेजारीच. नाव चीन देशावरून नाही, भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवरून. त्यातल्या थोड्याच आता उरल्यात. दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला शोधा. गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यावर औरंगजेबाने तिथला शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला आणून इथे कोंडलं, आणि मरेपर्यंत तो इथेच होता.

महालाच्या मागच्या अंगाला गोल बुरुज आहे आणि त्यावर मेंढा तोफ. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, वर-खाली करणाऱ्यांची कोंडी होते, थोडं थांबून चढा. तोफेचं दुसरं नाव किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. पंचधातूची आहे, मागचं टोक मेंढ्याच्या तोंडासारखं घडवलंय आणि अंगावर फारसी लेख आहे, त्यात औरंगजेबाचं नाव येतं. खरी करामत खाली आहे. तोफ एका खुंटीवर बसवलेली आहे, त्यामुळे एवढं वजन बाजूला फिरवता यायचं. बुरुजाच्या आतल्या अंगाला, कठड्याला लागून, तोफ फिरवणाऱ्यांना उभं राहायला जागा ठेवलेली दिसते. वर बसून फोटो काढायचा मोह आवरा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, नाव कोरणंही त्यातच आलं.

या बुरुजावर पुढचा निर्णय घ्यायचा. समोर खंदक दिसतो आणि त्यापलीकडे तासलेला कातळ. घड्याळ बघा, पाणी बघा. दुपारचे चार वाजून गेले असतील किंवा पाणी अर्ध्या लिटरवर आलं असेल तर इथूनच परतलेलं चांगलं. स्मारक सूर्यास्ताला बंद होतं आणि त्याआधीच वरच्या लोकांना खाली उतरवायला सुरुवात होते.

चौथा टप्पा : खंदक

डोंगराचा पायथा सरळ उभा तासून काढला आहे आणि त्याच्या भोवती खडकातच खंदक खोदला आहे. मूळ डोंगराला उतार होता, म्हणजे चढायला धर होता. तो उतार छिन्नी-हातोड्याने उडवून पन्नास मीटरच्या आसपास उंचीची सरळ भिंत उरवली. शिडी लावायला जमीन नाही, कारण खाली पाणी. हाताला धर नाही, कारण कातळ गुळगुळीत. खंदकातून निघालेला दगड बांधकामाला कामी आला असणार.

ओलांडायला एकच पूल. आज आपण ज्यावरून जातो तो अलीकडचा आहे. जुना दगडी पूल त्याच्या खाली दिसतो आणि मधोमध मुद्दाम खोलगट ठेवलेला आहे. खंदकातली पाण्याची पातळी वाढवली की तो मधला भाग बुडायचा आणि पूल नाहीसा व्हायचा. पुलावर उभं राहून रेलिंगवरून खाली बघितलं की हे कळतं. मागे गर्दी असेल तर जाताना नका थांबू, परतताना थांबा.

एवढं करूनही किल्ला पडला, पण कातळ चढून कुणी घेतला नाही. अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये आला तेव्हा यादव राजा रामदेवराय किल्ल्यात शिरला. कोठारात धान्य म्हणून आणलेल्या गोण्यांत मीठ निघालं आणि त्याला तह करावा लागला, असं सांगितलं जातं. मुघल सरदार महाबतखानाने 1633 मध्ये सुरुंगांनी बाहेरचे कोट फोडले. आतली रसद संपली आणि मलिक अंबरचा मुलगा फतहखान याने किल्ला सोपवला. दोन्ही वेळा आतला कातळ शाबूत होता, पोट रिकामं होतं.

पाचवा टप्पा : अंधारी

पुलानंतर वाट डोंगराच्या पोटात शिरते. ही अंधारी, हिला भुलभुलैयाही म्हणतात. खडकात कोरलेला, वळणं घेत वर चढणारा हा काळोखी जिना पूर्वी बालेकिल्ल्यावर जायची एकमेव वाट होता. अंतर पन्नासेक मीटरचंच असेल, पण अंधारात ते तिप्पट वाटतं.

रचना अशी. उजेडातून आलेल्या माणसाचे डोळे काही मिनिटं निकामी असतात. पायऱ्या मुद्दाम एकसारख्या नाहीत, कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढ्या. छत मधूनच खाली येतं, म्हणून मान लववून चालावं लागतं, आणि मान लववलेला शत्रू वरच्या पहारेकऱ्याला सोपा. वाटेत एक फट उजेड दाखवते. घाबरलेला माणूस उजेडाकडे धावणार, आणि तिथून थेट खंदकात. शेवटच्या तोंडावर लोखंडी झाकण आणि शेगडीची सोय होती. तिथे आग पेटवली की धूर जिन्यात भरायचा आणि आतल्यांचा जीव गुदमरायचा. अशा त्या अडथळ्याला आपण बॅटरी घेऊन, हसतखिदळत पार करतो.

आत जाण्याची पद्धत सांगतो, ती पाळा. तोंडाशी दोन मिनिटं सावलीत थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. बॅटरीचा झोत पायांवर ठेवा, छतावर नको. छताला वटवाघळं आहेत आणि झोत पडला की ती उठतात. त्यांच्या विष्ठेचा उग्र वास येतो, नाकाला रुमाल बांधा, दम्याची तक्रार असेल तर अंधारी टाळाच. एक हात भिंतीला लावून चाला, पुढच्या माणसापासून दोन पायऱ्यांचं अंतर ठेवा. घोळक्यात पुढचा अचानक थांबतो, मागचा धडकतो आणि तोल जातो. शिट्ट्या, आरोळ्या नकोत. लहान मुलाला कडेवर घेऊ नका : छत कमी आहे, त्याचं डोकं आपटतं. डोक्याशी हात धरून त्याला पुढे चालवा.

अंधाराची भीती वाटणारे, दम्याचे रुग्ण आणि फार थकलेले यांच्यासाठी बाहेरून पायऱ्यांची दुसरी वाट केलेली आहे. तिने जाण्यात कमीपणा नाही. चढताना अंधारीतून आणि उतरताना बाहेरून असा क्रम ठेवला तर दोन्ही बघून होतं, आणि ओलसर पायऱ्यांवरून उतरण्याचा धोकाही टळतो.

सहावा टप्पा : गणपती ते बालेकिल्ला

अंधारीतून बाहेर पडलं की लख्ख उजेड आणि वारा. थोडं वर छोटं गणपतीचं देऊळ लागतं. दहा मिनिटं बसा आणि पाणी प्या, घटाघट नाही, घोट घोट. अंधारी संपली म्हणजे किल्ला संपला असं वाटून इथून परतणारे बरेच. खालपासून वरपर्यंत सातशेच्या वर पायऱ्या मोजतात, आणि त्यातला दम काढणारा भाग अजून बाकी असतो. पायऱ्या आता रुंद आहेत, पण सावली नाही. पन्नास पायऱ्या, मग थांबा, मग पुन्हा पन्नास, असं चढलात तर छाती धडधडत नाही. भरभर चढून वर धापा टाकत बसणारा शेवटी हळू चढणाऱ्याबरोबरच पोहोचतो.

मग बारादरी. मुघल काळातला हा कमानींचा महाल हवा खायला बांधलेला, आणि आजही त्याच कामाला येतो. कमानीत बसलं की खाली सगळा नकाशा उघडतो : काळाकोट, महाकोट, त्यांच्यामधली बाग, चांद मिनार, आणि पार लांबवर अंबरकोटाची रेघ. खाली तुकड्यातुकड्यांनी बघितलेलं इथे जुळतं. अर्धा तास राखून ठेवा तो इथे.

बारादरीच्या वर शंभरेक पायऱ्या चढल्या की माथा. जवळच जनार्दनस्वामींची गुहा आणि पादुका आहेत. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. पैठणहून आलेले एकनाथ त्यांच्यापाशी हिशेब लिहायला होते. रात्रभर जागून एका पैची चूक सापडल्यावर त्यांनी टाळी वाजवली, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. तो हिशेब याच किल्ल्याचा. माथ्याच्या बुरुजावर काळा पहाड नावाची अजस्र तोफ आहे. ती वर कशी आणली असेल याचा अंदाज आत्ताच चढून आलेले पाय बरोबर देतात. बुरुजाच्या कठड्यावर उभं राहून सेल्फी नको, वाऱ्याचा झोत आडवा येतो.

उतरताना

चढायला दीड-दोन तास लागले असतील तर उतरायला पाऊण तास धरा. पाय थरथरायला लागतात ते उतरताना, कारण मांड्यांवर सगळा भार येतो. पायरीवर पूर्ण पाऊल टेकवा, उंच पायऱ्यांवर थोडं तिरपं होऊन उतरा, बुटाची नाडी पुढून घट्ट करा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. धावत उतरणाऱ्या पोरांना वाट द्या, त्यांच्याशी शर्यत नको. कुणाला चक्कर आली, घाम थांबला, अंग तापलं, तर सावलीत आडवं करून कपडे सैल करा, मानेला आणि काखेत ओलं फडकं लावा आणि प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना लगेच कळवा. वरून स्ट्रेचर आणायला वेळ लागतो, म्हणून लक्षण दिसताच थांबावं.

बाहेर आलं की लिंबूसरबत, पेरू, हंगाम असेल तर सीताफळं. इथली सीताफळं नावाजलेली आहेत. पिकलेली त्याच दिवशी खा, न्यायची असतील तर डोळे नुकते उघडलेली पण कडक अशी निवडा. पुढे वेरूळला जायचं असेल तर गाव सोडताना अंबरकोटाच्या जुन्या दिल्ली दरवाज्यातून रस्ता जातो. एका वेळी एकच मोठं वाहन मावतं, सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. दुपारी चारच्या आत निघालात तर तो दरवाजा निवांत बघता येतो. त्यापुढे कागजीपुरा लागतं, हातकागदासाठी ओळखलं जाणारं. गाडी हळू घ्या, पाटी लहान आहे.